घसाऱ्याची रक्कम: सीए खासदार सुरेश प्रभू यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

सनदी लेखापाल (सीए) मंत्री झाला की सरकारी पैशाची गळती थांबेल, असे आपल्याकडे अनेकांना मनापासून वाटते. ही समजूत तपासायला सुरेश प्रभू यांची कारकीर्द सोयीची आहे. तिच्यात ऊर्जा आणि रेल्वे ही दोन अवाढव्य खाती आली आणि दोन्हींचे दुखणे बऱ्याच अंशी वह्यांमध्येच होते. ऊर्जेत वह्या नीट मांडल्यावर वसुलीचा रस्ता सापडला. रेल्वेत वह्या कशा मांडायच्या हे मंत्र्याला पुरते ठाऊक होते, तरी झिजलेली मालमत्ता बदलण्यासाठी जी रक्कम बाजूला पडायला हवी होती, म्हणजे घसारा, ती पुरेशी पडली नाही. या दोन निकालांत फरक का पडला, हा या अभ्यासाचा विषय आहे. निवडणुकीचा भाग त्याला लागूनच येतो, कारण खाते मिळते ते जागेमुळे आणि जागा पक्षामुळे.

राजापूरची जागा

प्रभूंचा जन्म ११ जुलै १९५३ चा, मुंबईतला. शाळा दादरची शारदाश्रम, कॉलेज विलेपार्ल्याचे डहाणूकर, पुढे सीए आणि कायद्याची पदवी. व्यवसायात असतानाच ते सारस्वत बँकेच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. सहकारी बँकेचे अध्यक्षपद ही सीएसाठी राजकारणाची चांगली पूर्वतयारी असते. ठेवीदार, कर्जदार, संचालक मंडळ आणि रिझर्व्ह बँक अशा चौघांना एकाच वेळी सांभाळावे लागते, आणि ‘हे कर्ज नियमात बसत नाही’ हे ओळखीच्या माणसाला तोंडावर सांगायची सवय लागते.

१९९६ मध्ये शिवसेनेने त्यांना राजापूरमधून उभे केले. हा साधा मतदारसंघ नव्हता. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांनी तो दीर्घकाळ राखला होता. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते आणि १९८९ नंतर अर्थमंत्री झाले. १९९१ मध्ये जागा काँग्रेसकडे गेली, १९९६ मध्ये ती प्रभूंनी घेतली आणि १९९८, १९९९ व २००४ मध्ये राखली. पहिल्याच खेपेस ते वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारात उद्योगमंत्री झाले. पुढे १९९८ मध्ये पर्यावरण व वने, १९९९ मध्ये रसायने व खते, आणि सप्टेंबर २००० च्या अखेरीस ऊर्जा.

इथे संसदीय रचनेतली एक गंमत आहे. सीए खासदाराची हक्काची जागा लोकलेखा समितीत. २२ सदस्य, त्यातले १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, समोर महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि साक्षीला खात्याचे सचिव. लेखापरीक्षणाची भाषा येणारा माणूस तिथे दहा जणांचे काम करतो. पण मंत्र्याला या समितीवर बसता येत नाही. मंत्री झालेला सीए टेबलाच्या पलीकडे जातो. ज्या वह्या तपासायच्या त्या आता त्याच्या स्वतःच्या असतात.

पेशा, उमेदवारी आणि कागदपत्रे

व्यवसाय करणाऱ्या सीएला दुसरा उद्योग करायचा तर सनदी लेखापालांच्या संस्थेच्या परिषदेची परवानगी लागते. मात्र खासदार, आमदार, विधान परिषद सदस्य यांसारखी निवडून येण्याची पदे ‘सर्वसाधारण परवानगी’च्या यादीत आहेत, त्यांच्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. म्हणजे खासदारकी आणि सही करण्याचा अधिकार एकत्र राहू शकतात. अडचण मंत्रिपदाला येते. केंद्रीय मंत्र्यांच्या आचारसंहितेप्रमाणे शपथ घेण्यापूर्वी मालमत्ता, देणी व व्यावसायिक हितसंबंध पंतप्रधानांना कळवायचे आणि नेमणुकीनंतर कोणत्याही व्यवसायाच्या व्यवस्थापनातून पूर्ण बाहेर पडायचे असते. राज्यसभेत आणखी एक नोंदवही असते. नियम २९३ खाली संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रण देणारे भागभांडवल, सशुल्क सल्ला आणि व्यावसायिक काम हे पाच हितसंबंध सदस्याने जाहीर करायचे. सीएच्या बाबतीत पाचही रकाने भरण्याजोगे असू शकतात.

उमेदवारीच्या टप्प्यावर सीए सहसा दोन ठिकाणी गाफील राहतो, कारण त्याला वाटते की हे तर आपले रोजचेच काम.

पहिले म्हणजे नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र. स्वतः, जोडीदार, अवलंबित आणि एकत्र कुटुंब यांची मालमत्ता, देणी आणि विवरणपत्रांतले मागील पाच वर्षांचे उत्पन्न त्यात लिहायचे. रकाना कोरा ठेवून चालत नाही. ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावेच लागते. निवडणूक अधिकाऱ्याने आठवण करूनही रकाने कोरे राहिले तर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरे, खर्चाची वही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, स्वतंत्र हिशेब ठेवायचा. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी वेगळे बँक खाते उघडायचे. नोंदवहीचे तीन भाग असतात: रोजच्या खर्चाची पांढरी पाने, रोख व्यवहारांची गुलाबी, बँकेची पिवळी. १० हजार रुपयांवरचे पैसे रोखीने द्यायचे नाहीत. महाराष्ट्रात लोकसभेसाठी मर्यादा २०२२ पासून ९५ लाख रुपये आहे. प्रभू लढले त्या काळात ती फार तर याच्या पाव हिस्स्याच्या आसपास असे. प्रचारकाळात वही किमान तीनदा तपासणीला न्यायची आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा. नाही दिला तर कलम १० अ खाली तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते.

बेरीज सहसा चुकत नाही. घोळ होतो तो निरीक्षकांच्या स्वतंत्र छाया नोंदवहीशी. तुम्ही मंडपाचे ४० हजार लिहिलेत आणि त्यांच्या दरपत्रकाप्रमाणे ते ९० हजार होत असतील, तर खुलासा तुम्ही करायचा. सर्वाधिक वाद स्टार प्रचारकांच्या सभांवरून होतात. प्रचारकाचा प्रवासखर्च पक्षाचा. पण उमेदवार त्याच व्यासपीठावर गेला, किंवा तिथे त्याचे नाव वा फोटो झळकला, की सभेचा खर्च उमेदवारांत विभागून त्यांच्या खात्यावर चढतो. अनुभवी हिशेबनीस सभेच्या आदल्या रात्रीच ठरवून ठेवतो की साहेब व्यासपीठावर चढणार की नाही.

ऊर्जा खाते: वहीतून निघालेला उपाय

२००० साली राज्य वीज मंडळे केंद्राच्या कंपन्यांकडून वीज आणि कोळसा घेत, पण पैसे देत नसत. फेब्रुवारी २००१ अखेर ही थकबाकी ४१,४७३ कोटी रुपये होती. त्यातले १५,७०० कोटींहून अधिक म्हणजे व्याज आणि अधिभार. एनटीपीसी या केंद्राच्या वीजनिर्मिती कंपनीच्या ताळेबंदात हा आकडा ‘येणी’ म्हणून दिमाखात उभा असे. प्रत्यक्षात त्यातले किती येणार, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

३ मार्च २००१ ला मुख्यमंत्र्यांची परिषद झाली आणि त्यानंतर माँटेकसिंग अहलुवालिया यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला गेला. त्यातून आलेली एकरकमी तडजोड लेखापालाच्या डोक्याला चटकन पटणारी होती. अधिभार व व्याजातला ६० टक्के भाग माफ. उरलेली रक्कम, ढोबळमानाने ३२ हजार कोटींच्या आसपास, राज्य सरकारच्या १५ वर्षे मुदतीच्या, ८.५ टक्के करमुक्त व्याजाच्या रोख्यांत बदलायची. मंडळाची बुडीत उधारी अशी राज्याच्या सहीचे कर्ज झाली. राज्य सरकार वीज मंडळाची थकबाकी लांबवू शकते, स्वतःच्या रोख्यांचे व्याज लांबवणे त्याला फार महागात पडते.

पण जुने मिटवून नवे पुन्हा थकले तर सगळे पाण्यात. म्हणून चालू बिलांसाठी सरासरी मासिक बिलाच्या १०५ टक्के रकमेचे पतपत्र, म्हणजे बँकेची पैसे देण्याची हमी, बँकेत उघडून ठेवायची अट घातली. तरीही पैसे थकले तर केंद्र, राज्य आणि रिझर्व्ह बँक यांच्या त्रिपक्षीय करारान्वये राज्याच्या खात्यातून थेट वळते करण्याची सोय ठेवली. योजनेचा खरा दात हाच होता. माफीच्या योजना आपल्याकडे कितीतरी येतात. पुढच्या हप्त्याची चावी धनकोच्या हातात देणाऱ्या थोड्या.

दुसरा बदल मोजणीतला. तोवर ‘पारेषण व वितरण हानी’ मोजत, म्हणजे तारेत शिरलेली वीज वजा बिल झालेली वीज. बिल वसूल झाले की नाही याच्याशी तिला देणेघेणे नसे. एका काल्पनिक मंडळाचे उदाहरण घेऊ. १०० युनिट आत आली, ७५ चे बिल झाले आणि बिलाच्या रकमेपैकी ९० टक्के वसूल झाले. जुन्या पद्धतीने हानी २५ टक्के. नव्या, म्हणजे तांत्रिक आणि वाणिज्यिक एकत्रित पद्धतीने ७५ टक्के गुणिले ९० टक्के, ६७.५. हानी ३२.५ टक्के. मधले साडेसात टक्के जुन्या पद्धतीत कुणाच्याच नावावर पडत नसत. अंदाजे बिले फाडून वितरण हानी कमी दाखवणाऱ्या मंडळांचे सोंग इथे उघडे पडते, कारण खोट्या बिलाची वसुली होत नाही.

या मोजणीला जोडून वेगवर्धित ऊर्जा विकास व सुधारणा कार्यक्रम आला. ११ केव्हीचा प्रत्येक फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी, हे स्वतंत्र हिशेबाचे केंद्र. त्यावर मीटर, त्याचा ऊर्जा ताळेबंद आणि जबाबदार अभियंत्याचे नाव. सर्वसाधारण राज्यांना प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान आणि २५ टक्के कर्ज. शिवाय २०००-०१ हे पायाभूत वर्ष धरून रोख तोटा जितका कमी होईल त्याच्या निम्मी रक्कम बक्षीस. अट रोख तोट्याची होती, कागदी नफ्याची नव्हे, हे महत्त्वाचे. अनुदान येणे दाखवून नफा फुगवणाऱ्या मंडळाला या बक्षिसातले काही मिळणार नव्हते.

जिथे हे फसले तिथे कारण बहुधा एकच. फीडरवर मीटर बसला, पण त्या फीडरवर कोणते ग्राहक आहेत याची यादी अद्ययावत नव्हती. मग आत आलेली वीज कळे, बाहेरची जुळवता येत नसे. बिनमीटरचे शेतीपंप असतील तर त्यांचा वापर अंदाजानेच धरावा लागे, आणि अंदाज तिथे हवा तितका ताणता येतो.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो मार्च २००२ मध्ये सुरू झाला आणि वीज विधेयक ऑगस्ट २००१ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्याच काळात मंत्र्याच्या स्वतःच्या कोकणात, गुहागरचा दाभोळ प्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा. वीज उचला वा न उचला, स्थिर आकार द्यायचाच, अशा कराराने राज्य मंडळाचे कंबरडे मोडले होते आणि वर केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याच्या हमीवरची हमी, होती. संभाव्य देणी टिपांमध्ये लपलेली असतात आणि एक दिवस ताळेबंदात येऊन बसतात, हे कुठल्याही सीएला माहीत असते. दाभोळमध्ये ते अख्ख्या राज्याला कळले.

वीज कायदा २००३ मध्ये मंजूर झाला तेव्हा प्रभू मंत्री नव्हते. ऑगस्ट २००२ मध्ये पक्षप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या सूचनेवरून त्यांनी राजीनामा दिला आणि खाते अनंत गीते यांच्याकडे गेले. कामगिरीवर बाहेरून स्तुती होत असताना मंत्री घरी गेला. आघाडी सरकारात खाते पक्षाच्या वाट्याचे असते. त्या खात्याचा मंत्री कोण हे पक्ष ठरवतो आणि पक्षाची मोजपट्टी वसुलीच्या टक्केवारीची नसते. डिसेंबर २००२ मध्ये वाजपेयींनी त्यांना नदीजोड कार्यदलाचे अध्यक्ष केले. दर्जा मंत्र्याचा, खाते नाही.

२००९: मतदारसंघच बदलला

२००८ च्या पुनर्रचनेत राजापूर लोकसभा मतदारसंघ संपला. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी असे सहा विधानसभा मतदारसंघ मिळून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. त्याआधी २००५ मध्ये नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले होते आणि सिंधुदुर्गातली संघटनेची बांधणी त्यांच्यासोबत हलली होती. २००९ मध्ये नीलेश राणे यांनी प्रभूंचा साडेशेहेचाळीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला.

आमच्या मते यात प्रभूंच्या मंत्रिपदाच्या कामाचा निकाल शोधणे व्यर्थ आहे. फीडरवरच्या मीटरला मत पडत नाही. कोकणात निवडणूक वाडीवाडीवर बांधलेल्या माणसांवर आणि मुंबईहून गाड्या भरून येणाऱ्या चाकरमान्यांवर चालते. ते जाळे एकदा फुटले की उमेदवाराची पात्रता कितीही असो, फरक भरून निघत नाही. तज्ज्ञ म्हणून आलेल्या उमेदवाराची ही कायमची जोखीम. त्याची मते बहुतांशी पक्षाकडून उसनी घेतलेली असतात आणि संघटना फुटली की ती परत मागितली जातात.

रेल्वे: सगळे ठाऊक असूनही

९ नोव्हेंबर २०१४ ला प्रभू भाजपमध्ये आले आणि त्याच दिवशी मंत्री झाले, रेल्वेमंत्री. त्या वेळी ते कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. घटनेच्या कलम ७५(५) प्रमाणे सहा महिन्यांत सदस्य व्हावे लागते. त्याच महिन्यात ते हरियाणातून राज्यसभेवर बिनविरोध गेले आणि २०१६ मध्ये आंध्र प्रदेशातून. कोकणातला माणूस हरियाणाचा खासदार कसा, याचे उत्तर २००३ च्या दुरुस्तीत आहे. राज्यसभेसाठी त्या राज्याचा मतदार असण्याची अट तिने काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते २००६ मध्ये वैध ठरवले. वाड्या-वस्त्यांचे जाळे नसलेल्या तज्ज्ञासाठी हा दरवाजा फार मोलाचा.

सुरुवातीची पावले अपेक्षेप्रमाणे लेखापालाची होती. निविदांच्या फायली मंत्र्यापर्यंत येणे बंद करून अधिकार महाव्यवस्थापकांकडे दिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये श्वेतपत्रिका आली. २६ फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पात नवी गाडी एकही जाहीर केली नाही, आणि हे धाडस होते. आधीच्या वर्षीच तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांनी सभागृहाला सांगितले होते की तीस वर्षांत मंजूर झालेल्या ६७६ प्रकल्पांपैकी ३१७ पुरे झाले आणि उरलेल्या ३५९ साठी १ लाख ८२ हजार कोटी लागतील. अशा घरात आणखी भूमिपूजन करायचे नाही, इतका साधा निर्णय. पण रेल्वे अर्थसंकल्पाच्या दिवशी खासदार फक्त आपल्या स्टेशनचे नाव ऐकायला बसलेले असत.

त्याऐवजी पाच वर्षांत ८.५६ लाख कोटींच्या गुंतवणुकीचा आराखडा मांडला. मार्चमध्ये आयुर्विमा महामंडळाशी पाच वर्षांत दीड लाख कोटींच्या कर्जाचा करार झाला. मुदत ३० वर्षे, परतफेडीला पहिली पाच वर्षे सूट. दुहेरीकरण आणि विद्युतीकरण यांवर, म्हणजे जिथून मालवाहतूक वाढून पैसा परत येऊ शकतो अशा कामांवर तो लावायचा. तर्क बिनचूक होता. पण कर्जाचे व्याज चालू खर्चात पडते आणि उत्पन्न मार्ग पुरा झाल्यावर येते. मधली चार-पाच वर्षे व्याज आधी आणि उत्पन्न नंतर, हे ठरलेलेच.

आता मूळ मुद्दा. रेल्वेची प्रकृती सगळे एका आकड्यावर जोखतात, ऑपरेटिंग रेशो. वाहतुकीतून १०० रुपये मिळवायला किती खर्चले. वर तीन रकमा असतात: चालू खर्च, निवृत्तिवेतन निधीत टाकलेले पैसे आणि घसारा राखीव निधीत टाकलेले पैसे. खाली वाहतुकीचे एकूण उत्पन्न. पगार आणि निवृत्तिवेतन मंत्र्याच्या हातात नसतात, वीज-डिझेलचा दर नसतो. हातात असते ती फक्त तिसरी रक्कम. कंपनीत घसारा मालमत्तेच्या आयुर्मानावरून निघतो आणि तो लावावाच लागतो. रेल्वेत या निधीत किती टाकायचे हे ‘उरले किती’ यावरून ठरत आले. महालेखापरीक्षकांनी यावर वर्षानुवर्षे बोट ठेवले आहे. हा निधी कशासाठी? झिजलेले रूळ, जुने डबे, मुदत संपलेली सिग्नल यंत्रणा बदलण्यासाठी.

२०१४-१५ मध्ये या निधीत ७,७७५ कोटी गेले. रेशो ९१.३ च्या आसपास. २०१५-१६ साठी प्रभूंनी ७,९०० कोटी आणि ८८.५ चा रेशो ठरवला. वर्षाअखेर रेशो ९०.५ च्या आसपास राहिला, म्हणजे उद्दिष्ट हुकले तरी आधीपेक्षा सुधारणा. पण निधीत गेले ५,६०० कोटी. कमी पडलेले २,३०० कोटी त्या वर्षीच्या सुमारे १.६८ लाख कोटींच्या वाहतूक उत्पन्नाशी ताडून पाहा: साधारण १.४ टक्के. ठरल्याप्रमाणे रक्कम टाकली असती तर रेशो ९१.९ च्या आसपास गेला असता. दिसलेली सुधारणा घसाऱ्याच्या कपातीइतकीही नव्हती. २०१६-१७ मध्ये सातव्या वेतन आयोगाचा भार आला. निधीत ५,२०० कोटी, रेशो ९६.५. त्या वर्षाचे उद्दिष्ट ९२ होते.

हे अज्ञानातून झाले असे कोणी म्हणणार नाही. उत्पन्नाची बाजू बांधलेली होती. प्रवासी भाडे वाढवायचे नाही हा सरकारचा निर्णय. मालवाहतूक एकूण कमाईच्या सुमारे दोन-तृतीयांश, आणि तिच्यातूनच प्रवासी तोटा भरायचा. मालभाडे चढवले की सिमेंट, पोलाद ट्रककडे वळते. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतोला चढते भाडे लावले. दर १० टक्के आसने भरली की १० टक्के वाढ, कमाल दीडपट. पण त्यातून मिळणारी रक्कम संपूर्ण रेल्वेच्या मानाने किरकोळ, आणि ओरड मोठी. एकीकडे उत्पन्न अडलेले, दुसरीकडे पगार वाढलेले. मध्ये जी एकच रक्कम हलू शकते, ती हलली. इथे सीए असण्याचा फायदा एवढाच की काय होत आहे हे मंत्र्याला इतरांआधी कळते.

वेगळा रेल्वे अर्थसंकल्प बंद करण्याचा निर्णयही याच चौकटीत पाहावा. नीती आयोगाचे सदस्य बिबेक देबरॉय यांनी तशी शिफारस केली होती आणि प्रभूंनी स्वतः अर्थमंत्र्यांना पत्र लिहून मागणी केली. १९२४ पासूनची प्रथा २१ सप्टेंबर २०१६ च्या मंत्रिमंडळ बैठकीत संपली. २५ फेब्रुवारी २०१६ चे त्यांचे भाषण शेवटचे ठरले. टीव्हीवरचा दीड तासाचा दिवस स्वतःहून सोडणारे मंत्री दुर्मिळच. बदल्यात सुमारे २.२७ लाख कोटींच्या भांडवलावर रेल्वेने सरकारला द्यायचा लाभांश रद्द झाला, वर्षाला अंदाजे ९,७०० कोटींची बचत. मात्र लाभांश ऑपरेटिंग रेशोच्या हिशेबाबाहेर मोजला जाई, त्यामुळे तो गेल्याने रेशो तसूभरही हलला नाही. रोखीला आराम पडला, निर्देशांकाला नाही. या दोन गोष्टी वर्तमानपत्रांत सर्रास एकत्र केल्या गेल्या.

उपार्जित पद्धतीच्या, म्हणजे रोख हलण्याची वाट न पाहता देणे-येणे नोंदवण्याच्या, हिशेबाचा प्रयोग सीए संस्थेच्या संशोधन प्रतिष्ठानाकडून अजमेर विभाग आणि तिथल्या कारखान्यात करून घेतला. त्याचा खरा उपयोग मालमत्तेच्या यादीत आहे. कोणत्या किलोमीटरला कोणत्या वर्षीचा रूळ आहे हे वहीत आले की घसारा ‘उरले किती’वरून ठरवता येत नाही. पण अशा यादीला वर्षे लागतात, मंत्र्याला वर्षे मिळत नाहीत.

अपघात आणि बदली

२० नोव्हेंबर २०१६ ला कानपूरजवळ पुखरायां इथे इंदूर-पाटणा एक्स्प्रेस घसरून सुमारे १५० जण मृत्युमुखी पडले. जानेवारी २०१७ मध्ये कुनेरूजवळ हिराखंड एक्स्प्रेस घसरली. १९ ऑगस्ट २०१७ ला खतौलीत उत्कल एक्स्प्रेस, आणि चारच दिवसांनी औरैयाजवळ कैफियत एक्स्प्रेस.

या घटनांपासून घसाऱ्याच्या आकड्यापर्यंत सरळ रेघ ओढणे हा भोंदूपणा ठरेल. खतौलीत रुळांचे काम चालू असताना गाडी वेगात आली, कारण ब्लॉक, म्हणजे कामापुरती गाड्या थांबवण्याची परवानगी, मिळाला नव्हता. ती चूक कार्यपद्धतीची होती. पण ब्लॉक का मिळत नाही? मार्गावर क्षमतेहून जास्त गाड्या असतात, नियंत्रक गाडी थांबवायला तयार नसतो, आणि खालचा माणूस काम उरकून टाकतो. नवी गाडी जाहीर न करण्याच्या निर्णयाचे वजन खरे तर इथे कळते.

२३ ऑगस्टला प्रभूंनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पंतप्रधानांची भेट घेतली आणि थांबायला सांगितल्याचे जाहीर केले. ३ सप्टेंबर २०१७ ला रेल्वे खाते पीयूष गोयल यांच्याकडे गेले. तेही सीएच. प्रभूंकडे वाणिज्य व उद्योग आले, मार्च २०१८ पासून नागरी विमान वाहतूकही. डिसेंबर २०१८ चे कृषी निर्यात धोरण हे त्या काळातले एक मुख्य काम. मे २०१९ नंतर ते मंत्रिमंडळात नव्हते. राज्यसभेची मुदत जून २०२२ मध्ये संपली.

२०१७-१८ मध्ये घसारा निधीत १,५४० कोटी गेले आणि रेशो ९८.४४ वर पोहोचला. एनटीपीसी आणि रेल्वेची बांधकाम कंपनी इरकॉन यांच्याकडून आलेली आगाऊ रक्कम वगळली तर तो १०२.६६ झाला असता, असे महालेखापरीक्षकांनी नोंदवले. या वर्षातले पाचच महिने प्रभूंचे. त्यांच्या कारकिर्दीतच, फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात, पाच वर्षांसाठी एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला होता. घसाऱ्यात जे पडत नव्हते ते वेगळ्या नावाने बाजूला काढायची ही सोय. दर वर्षी १५ हजार कोटी सरकारचे आणि ५ हजार कोटी रेल्वेच्या स्वतःच्या कमाईतले. पहिल्या चार वर्षांत रेल्वेने स्वतःचे २० हजार कोटी घालायचे होते. २०२२ च्या लेखापरीक्षण अहवालाप्रमाणे त्यातले १५,७७५ कोटी आलेच नाहीत.